कडूबाचा घोडा आणि उंच डबा

चिकलठाण्यात मेघाताईंच्या ट्रान्सपोर्टमध्ये कडूबा हा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. त्याच्या ताब्यात एक घोडा होता. घोडा म्हणजे दाणा खाणारा नव्हे. मागं ट्रेलर जोडून ओढायची जी पुढची गाडी असते, तिला ड्रायव्हर लोक घोडाच म्हणतात. कडूबाला या घोड्याचा भारी अभिमान, आणि त्याहून जास्त स्वतःच्या उजव्या पायाचा. "ॲक्सिलेटरवर माझा पाय म्हणजे फुलावर बसलेली माशी," असं तो चहाच्या टपरीवर रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. त्याच्या गाडीचं एव्हरेज सगळ्यांत चांगलं, ही गोष्ट खरी होती. त्यामुळं माशीचं कौतुक मुकाट्यानं ऐकून घेण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं.

इतकी वर्षं तो बिनभिंतींचा सपाट ट्रेलर ओढायचा. त्यावर लोखंडाच्या पट्ट्या रचायच्या, साखळदंडानं आवळायच्या आणि जळगावला पोचवायच्या. मग एके दिवशी मेघाताई म्हणाल्या, "अण्णा, गाद्यांचं काम मिळालंय. तुम्ही आता बंद डबा घ्या. सपाट ट्रेलर सुदर्शनला देते."

कडूबाला तर लॉटरीच लागल्यासारखं झालं. कुठं ते लोखंड आणि कुठं या कापसासारख्या गाद्या! तो सुदर्शनला म्हणाला, "आता बघ माझं एव्हरेज. डिझेलची टाकी भरायचीच विसरून जाईन मी."

सुदर्शन हा दुसरा ड्रायव्हर, वयानं लहान, पण तोंडानं नाय. "बघू की अण्णा," तो म्हणाला.

आणि झालं भलतंच. एव्हरेज वाढायचं सोडून उलट घसरलं. पहिल्या खेपेला कडूबानं पंपवाल्यावर संशय घेतला. दुसऱ्या खेपेला चाकांची हवा तपासली, फिल्टर बदलला, मिस्त्रीला इंजिनात डोकं घालायला लावलं. मिस्त्री म्हणाला, घोडा ठणठणीत आहे. मग कडूबानं बंपरला लिंबू-मिरची बांधली. पण घोडा काही ऐकेना. इकडं सुदर्शन लोखंड वाहूनही मजेत होता. टपरीवर तो सगळ्यांदेखत विचारायचा, "अण्णा, गाद्या डिझेल पितात का वो?"

कडूबा चहा अर्धाच ठेवून उठायचा. मेघाताई काही बोलल्या नव्हत्या, पण त्यांचं ते न बोलणंच त्याला जास्त टोचत होतं. डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर त्यानं बघितले होते. आपल्याकडंही कुणी त्याच नजरेनं बघतंय की काय, या विचारानं तो घरात चिडचिड करायला लागला. भाजीत मीठ कमी, पंखा हळू, शेजाऱ्याचा रेडिओ मोठा. बायको सरूबाई शेवटी म्हणाली, "गाडीचा राग गाडीवर काढा. माझी भाजी नीट हाय."

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीच्या, अपेक्षाच्या स्वयंपाकघरात फळ्या बसवायच्या होत्या. उस्मानपुऱ्यातून प्लायवूडची एक भलीमोठी फळी घेऊन दोघं मोटारसायकलवर निघाले. पुढं कडूबा, मागं सरूबाई, आणि मधे आडवी धरलेली फळी. दोन्ही बाजूंनी ती हातभर बाहेर आलेली. जालना रोडला लागले तर समोरून हिवाळ्यातला पूर्वेचा वारा. मोटारसायकल धापा टाकायला लागली. चौथ्या गिअरमध्ये चालेना, तिसऱ्यात कण्हायला लागली. हँडल एकदा इकडं, एकदा तिकडं.

"अहो, मला पतंगासारखं उडवता का काय!" सरूबाई ओरडली. तिनं फळी कशीबशी फिरवून गाडीच्या लांबीला समांतर धरली. त्यासरशी मोटारसायकल अशी सुटली की कडूबाला ब्रेक मारावा लागला.

"आता कशी पळतीया," सरूबाई म्हणाली. "वजन तर तेवढंच हाय."

कडूबानं गाडी बाजूला घेतली आणि फळीकडं बघत तो तसाच उभा राहिला. फळी आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली. मागून रिक्षावाला हॉर्न मारून गेला.

"सरू," तो म्हणाला, "माझा डबा!"

"डबा कुठला? जेवण घरी झाकून ठेवलंय."

"अगं, गाद्यांचा डबा! घोड्याच्या डोक्यापेक्षा हातभर उंच हाय तो. रोज ही असली भिंत वाऱ्यावर ढकलत नेतोय मी. लोखंड जड होतं, पण जमिनीला धरून निजलेलं होतं!"

दुसऱ्या दिवशी त्यानं मेघाताईंना हे सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही आणि लगेच मानही डोलावली नाही. "तर मग अदलाबदल करू," त्या म्हणाल्या. "ही खेप तुम्ही सपाट ट्रेलर न्या, सुदर्शन डबा नेईल."

दोघं जळगावला जाऊन आले. सुदर्शनचं एव्हरेज धपकन खाली आलं. तो गाडीतून उतरला तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. "वारा लई खातोय हा डबा, ताई," त्यानं कबूल केलं. कडूबानं मिशीला पीळ भरला.

पण तो पीळ फार वेळ टिकला नाही. कडूबाचा सपाट ट्रेलर जाताना गुणानं वागला होता. येताना मात्र या वेळी त्यावर जड लोखंडी साचे लादले होते, आणि अजिंठ्याचा घाट चढताना घोड्यानं घटाघटा डिझेल प्यायलं होतं. डबा तोच घाट आरामात चढून आला होता. म्हणजे सपाट रस्त्यावर वारा भारी, तर चढावर वजन भारी. मेघाताई म्हणाल्या, "वाराही खरा आणि वजनही खरं. इथून पुढं डब्याची तुलना डब्याशीच."

"आणखी एक सांगू का, ताई?" सुदर्शन हळूच म्हणाला. "अण्णा लोखंड नेताना बैलगाडीसारखे जायचे. डबा मिळाल्यापासून सिल्लोडच्या अलीकडंच मला मागं टाकत्यात. वर हात दाखवत्यात. जेवढं जोरात पळावं, तेवढा वारा जास्त अडवणारच की!"

कडूबानं आपल्या उजव्या पायाकडं बघितलं.

"मागं काही वजनच वाटत नव्हतं," तो पुटपुटला. "घोडा आपोआप पळायचा."

"आपोआप?" मेघाताई म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना हसू आवरेना. सुदर्शनही हसला. शेवटी कडूबालाही हसावंच लागलं.

मेघाताईंनी घोड्याच्या टपावर फायबरची उतरती टोपी बसवून घेतली, वारा डब्याच्या छातीवर न आदळता वरून सरकून जावा म्हणून. त्यानं चमत्कार झाला नाही, पण फरक पडला. बाकीचा फरक कडूबाच्या पायानं पाडायचा होता, आणि तेच अवघड निघालं.

पुढच्या खेपेला सरूबाई बहिणीकडं फर्दापूरला जायला म्हणून केबिनमध्ये बसली. मोकळा रस्ता, हलक्या गाद्या, आणि कडूबा दात-ओठ खात हळू चाललेला. एका टेम्पोनं ओव्हरटेक केलं. मग केळीच्या गाडीनं केलं. मग एका ट्रॅक्टरनं मागून हॉर्न दिला.

सरूबाईनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"बरं वाटत नाय का तुम्हाला?" ती काळजीनं म्हणाली.

"बरं हाय," कडूबा म्हणाला, आणि हात बाहेर काढून त्यानं ट्रॅक्टरला पुढं जायची खूण केली.