आधी पाणी, मग सोडा

नरसिंहराव सरांचं नाव निघालं की आमच्या वर्गातले लोक अजून हळहळतात. मी हळहळत नाही. मला राग येतो, थोडा त्यांचा आणि पुष्कळसा माझा.

१९५८ साली मल्लेश्वरमच्या आमच्या कॉलेजात ते वाणिज्य शिकवत. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर. वर्गात इंग्रजी बोलत, बाहेर भेटले की माझ्याशी मराठी. "पुस्तक वाचून गुमास्ता होतो रे हरी, धंदा हातानं शिकायचा," म्हणायचे. म्हणून कॉलेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आम्हा सहाजणांना साबणाचा धंदा काढून दिला. तेल आम्ही आणायचं, साबण आम्ही करायचा, दारोदार आम्हीच विकायचा. सरांचा स्वतःपुरता नियम एकच, चुकणाऱ्याला अडवायचं नाही.

पहिला साबण भुसभुशीत झाला. सर बाकावर बसून बघत राहिले. दुसऱ्याला फेसच येईना, एका अक्कांनी वडी माझ्या अंगावर भिरकावली, "नीनेच, तूच वापर रे हा साबण, सरी?" सर पोट धरून हसले. आम्ही चरफडलो. पण तिसरा साबण जमला, तेव्हा झाला तसा आनंद मला पुढे बँकेतल्या बढतीनंही झाला नाही.

कॉस्टिक सोडा तेवढा सरांनी आमच्या नशिबावर सोडला नव्हता. तो भिजवायला शिका म्हणून त्यांनी आम्हाला सुरुवातीलाच पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, देवाप्पा साबणवाल्याकडे धाडलं होतं. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा. उलटं केलं की उसळतं. पाचजण शिकून आले. मी मॅटिनीला गेलो होतो.

सोडा नेहमी जयतीर्थ भिजवायचा. विजापूरकडच्या भीमाचार्यांचा हा एकुलता एक मुलगा, आमच्यात सगळ्यांत हुशार. चौथ्या खेपेला तो तेलापाशी अडकला होता, म्हणून मला म्हणाला, "तू भिजव." मी घमेल्यात सोडा ओतला आणि पाण्याचा तांब्या उचलला. समोर सर. ते थेट माझ्या हाताकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. मी तांब्या उपडा केला.

"अरे, उलटं!" ओरडत जयतीर्थ धावला आणि मला बाजूला ढकललं. सगळं त्याच्या चेहऱ्यावर उडालं. सर बादल्यांमागून बादल्या ओतत राहिले. त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशीत सरांनी आपणहून सांगितलं, "मी बघत होतो. वाटलं, जरा उसळेल, पोरगा दचकेल आणि जन्मभर लक्षात ठेवील." मग मला विचारण्यात आलं, सोडा कसा भिजवायचा हे तुला शिकवलं होतं का? मी म्हणालो, "नाही." देवाप्पाचं नाव मी काढलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला खोडून काढलं नाही. त्यांना काढून टाकलं, शेडला कुलूप लागलं. भीमाचार्य मुलाचा हात धरून त्याला गावी घेऊन गेले. निरोप द्यायला स्टेशनवर जाण्याची मला हिंमत झाली नाही.

सर पुढे दुकानदारांची इंग्रजी पत्रं लिहून देत जगले. आठ वर्षांनी, ते अंथरुणाला खिळलेत असं कळलं, तेव्हा गेलो.

"सर, चौकशीत मी खोटं बोललो."

"ठाऊक होतं. देवाप्पानं मला सांगितलं होतं, पाचच पोरं आली म्हणून."

मला शरम वाटायला हवी होती. आला तो संतापच. "मग मला चौकशीतच का नाही अडवलंत?"



"मी तुला दोन्ही वेळा नाही अडवलं, हरी," ते म्हणाले. "अडवलं ते एकट्या जयतीर्थनं."