दाराशेजारची लाल पट्टी

मल्लूअण्णांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पाणी विचारायच्या आधी माझं नाव विचारलं आणि आत जाऊन पत्र्याच्या एका पट्टीवर ते रंगानं लिहून आणलं. दाराशेजारी एक लाकडी फळा होता. त्यावर खिळ्यांना अशा पट्ट्या टांगलेल्या, एका बाजूनं हिरव्या, दुसऱ्या बाजूनं लाल. घरात आलं की हिरवी करायची, बाहेर पडताना लाल. "तुमी आता शेजारी की ओ सर. आलं की फिरवायची, जाताना परत फिरवायची. इसरायचं न्हाई." मी मराठीचा मास्तर, त्यामुळे लोकांच्या विक्षिप्तपणाची मला गोडी आहे. मी आनंदानं पट्टी फिरवली.

एकदा त्यांच्या पत्नी, महादेवीअक्का, बाजारातून आल्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. मी दारातच होतो, सौजन्य म्हणून त्यांची पट्टी हिरवी केली. अण्णा ताटावरून उठून आले. "कुणी फिरवली ही? दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा न्हाई, सर! हात मोकळा नसला तर पिशवी खाली ठिवायची, पण आपली आपण फिरवायची." त्यांनी पट्टी परत लाल केली, अक्कांना पिशव्या खाली ठेवायला लावल्या आणि त्यांच्या हातून ती पुन्हा हिरवी करून घेतली. मला राग आला. आठवडाभर मी तिकडे फिरकलो नाही.

फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बिननावाची पट्टी होती. ती कायम लाल. कुणाची, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हाय एकाची," आणि विषय बदलला.

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. फिटर म्हणून समुद्रातून तेल काढायच्या फलाटावर कित्येक वर्षं होते, चौदा दिवस पाण्यावर आणि चौदा दिवस घरी. मग एकाएकी नोकरी सोडून त्यांनी सोलापुरात एमआयडीसीत पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. दुसरा कुणी असता तर समुद्राच्या गोष्टी सांगून त्यानं गल्ली जागवली असती. अण्णा एवढंच म्हणायचे, "पाणीच पाणी. त्यात काय बघायचंय ओ?"

शाळेखेरीज माझा आणखी एक उद्योग आहे, सूत्रसंचालनाचा. शहरात सत्कार कुणाचाही असो, माइक माझ्या हातात. गावात शब्द स्वस्त झाले असतील तर त्यात माझा वाटा मोठा आहे. गेल्या वर्षी एका कंपनीनं इथल्या हॉटेलात उद्योगमेळावा भरवला. समुद्रात तेल आणि वायू शोधण्याच्या कामाला चालना मिळावी, इथल्या कारखानदारांनी सुटे भाग पुरवावेत, इंजिनिअरिंगच्या पोरांनी नोकरीला यावं, असा त्यांचा हेतू. त्यांना समुद्रावर काम केलेला एक स्थानिक माणूस व्यासपीठावर हवा होता. माझ्या शेजारी तो होताच.

अण्णांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा मी निवेदनाचा कागदच घेऊन गेलो. कंपनीनं पाठवलेल्या माहितीवरून मी सजवून लिहिलं होतं, 'अथांग सागरातही जिथे माणसांची मोजदाद कधीच चुकत नाही...' अण्णांनी ती ओळ बोटानं धरून वाचली. बराच वेळ बोट तिथंच होतं. मग म्हणाले, "येतो मी. पण वेळापूरच्या एका बाईंला बोलवा. सुनंदा नाव. पुढची खुर्ची द्या." नात्यातल्या असतील, असं मला वाटलं. मी फोन केला.

मेळावा थाटात झाला. दारात फलाटाची प्लास्टिकची प्रतिकृती, पडद्यावर निळा समुद्र, पाहुण्यांना सोलापुरी टॉवेल. मी अण्णांची ओळख 'सागराचा सुपुत्र' अशी करून दिली. आठवलं की अजून लाज वाटते. अण्णा उठले आणि सभागृहाकडे न बघता पहिल्या रांगेतल्या बाईंकडे बघून बोलू लागले.

"फलाटावर दर आठवड्याला आगीचा सराव व्हायचा. भोंगा वाजला की ठरल्या जागी जमायचं आन् फळ्यावरची आपापली पट्टी हिरवी करायची. लाल राहिली तर तो माणूस आला न्हाई, त्याला शोधायचं. दिलीप आन् मी एका खोलीतले. सरावाचा कटाळा यायचा. कधी तो माझी फिरवायचा, कधी मी त्याची. खरी आग लागली त्या दिवशी मी पळत आलो आन् सवयीनं दोन्ही फिरवल्या. मोजणी बरोबर भरली. कुणी शोधायला गेलं न्हाई. तो पंपाच्या खोलीत अडकला व्हता. दार वाकलं व्हतं, आतनं उघडत न्हवतं. चौकशीत म्हणले, पट्टी हिरवी हाय म्हंजे आला व्हता, मोबाईल आणायला परत गेला असंल. मी गप बसलो. नोकरीला भ्यालो. ती नोकरीबी मला महिनाभर झेपली न्हाई."

मध्येच कुणीतरी माइक बंद करायला लावला होता. अण्णा तसेच बोलत राहिले आणि बोलून झाल्यावर उभे राहिले. आणि मी? मी माझा माइक उचलला आणि म्हणालो, "जोरदार टाळ्या!" वीस वर्षांची सवय. लोकांनी टाळ्या वाजवल्याही. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

सुनंदाबाई उठून अण्णांपाशी आल्या. रडल्या नाहीत. "नऊ वर्षं मी त्यांला शिव्या दिल्या. बायकोपरीस मोबाईल प्यारा झाला म्हणून. सगळं गाव म्हणतंय, मोबाईलपायी मेला. हितं कशाला सांगताय? हितं त्यांला कोण वळखतंय? गावात येऊन सांगा."

दुसऱ्याच दिवशी आम्ही वेळापूरला गेलो. दिलीपची आई ओसरीवर बसली होती, शेजारपाजारचे जमले होते. म्हातारीला कमी ऐकू येत होतं. अण्णांनी हळू आवाजात सांगितलं, तिला समजलं नाही. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना ओरडावं लागलं, "मोबाईल आणायला गेला न्हवता ओ आई! मी त्याची पट्टी फिरवली! माझ्यामुळं कुणी त्याला शोधायला गेलं न्हाई!" रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली.

म्हातारीनं मान हलवली. कळलं होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग तो वाट बघत बसला आसंल?"

"व्हय."

"किती येळ?"

अण्णा हात जोडून तसेच उभे राहिले. शेवटी सुनंदाबाईंनी मला खूण केली आणि मी अण्णांना गाडीत आणून बसवलं. घरी पोचल्यावर दारात त्यांनी आपली पट्टी हिरवी केली.

मन मोकळं केलं की माणूस हलका होतो म्हणतात. अण्णा झाले नाहीत. दुकानात बसायचे, पंप उघडून तसाच समोर ठेवायचे. "तेवढं इचारलं तिनं, सर," एवढंच अधूनमधून म्हणायचे. यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते दुकानातच कोसळले. घरी आणलं ते चादरीत गुंडाळून. सकाळी जाताना त्यांनी पट्टी लाल केली होती. कुणी पुतण्या भाबडेपणानं ती हिरवी करायला गेला, तर अक्का रडायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हात लावू नको. त्येंना चालत न्हवतं."

मातीला सुनंदाबाई आल्या होत्या. सगळे गेल्यावर त्या दाराशी थांबल्या. अक्कांनी खालच्या कोपऱ्यातली बिननावाची पट्टी दाखवली आणि म्हणाल्या, "ही तुमच्या मालकांची." सुनंदाबाईंनी हात पुढे केला, पट्टीला बोट लागलं आणि हात मागे घेतला.

"एकदा दुसऱ्यानं फिरवली," त्या म्हणाल्या, "तेवढं पुरे झालं."

मी अजून रोज अक्कांकडे डोकावतो. माझी पट्टी फिरवतो. त्या दोन तशाच लाल आहेत.