जिभाऊंचा निवडुंग

माणसाला त्याचंच सोंग पडद्यावर दाखवलं की तो लाजतो आणि सुधारतो, असं मला तिशीपर्यंत वाटत होतं. त्या समजुतीपायी मी एकदा स्वतः छकडा जुंपून, स्वतःच्या खिशातून तिकिटं काढून आमच्या जिभाऊंना नंदुरबारला तंबूतला सिनेमा बघायला नेलं. आयुष्यात चुका पुष्कळ केल्या. पण वीस मैलांचा फेरा करून, पदरचा खर्च करून केलेली अशी ही एकच.

जिभाऊ म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. आमचं गाव धानोऱ्याच्या बाजूचं. त्यांचं वावर आणि आमचं वावर लागून, मध्ये एक बांध. बांध म्हणायचा आपला. आजोबांच्या काळी त्यावरून गाडी जायची म्हणे. वडिलांच्या काळी माणूस जायचा. माझ्या वाट्याला आला तेव्हा मुंगीनेसुद्धा जपून चालावं अशी त्याची गत झाली होती. जिभाऊंचं बाकीचं सगळं वावर वर्षाच्या करारावरचा सालदार नांगरायचा. बांधाजवळचं तास, म्हणजे नांगराची कडेची ओळ, मात्र ते स्वतः धरत, आणि दर साली बांध बोटबोटभर आमच्याकडे ढकलत. वडिलांनी कधी दबक्या आवाजात विषय काढला तर ते रागवत नसत. उलट कीव आल्यासारखं बघत आणि म्हणत, "वावर कोठे जास रे भाऊ? ते तठेच शे. तुन्ही नजर कमी व्हयनी." वडील घरी येऊन खरोखर डोळ्यांत काजळ घालत.

दुपारची भाकरी ते आमच्या हद्दीत बसून खात. आपल्या वावरात बसायचं नाही. का, तर बसल्याने माती दबते. बैल बांधत आपल्या बाभळीला, पण दोर असा लांब की बैलांचं तोंड आमच्या ज्वारीत. मी एकदा धीर करून बोललो. त्यांनी विचारलं, "जनावरले बांध समजस का?" मी म्हटलं, जनावराला नाही समजत, पण दोर तर तुम्ही बांधलाय. त्यावर ते म्हणाले की दोरही जनावराचाच आहे.

मोजणं हा तर त्यांचा श्वास. कुठेही गेले की आधी पावलं टाकत. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मांडव मोजला आणि माझ्या सासऱ्यांना सगळ्यांदेखत सांगितलं की बोलीपेक्षा मांडव दोन हात कमी आहे. सासरे चिडले. मग कुणीतरी मोजला, तर तो खरंच दोन हात कमी निघाला. माझी बायको आजही ते विसरलेली नाही, आणि राग तिला मांडव मोजणाऱ्याचा आहे की घालणाऱ्याचा, हे मला अजून कळलेलं नाही.

असा माणूस सरळ वाईट असता तर माझं काम सोपं होतं. वडील गेले त्या साली आमचा एक बैल बसला होता, आणि मला औत धरायचा सराव बेताचाच. जिभाऊंनी आपलं वावर तसंच पडू दिलं आणि आमचं सगळं वावर आपल्या बैलांनी नांगरून दिलं. मोबदल्याचं नाव काढलं तर अंगावर आले. बांध मात्र त्या साली दोन्ही बाजूंनी कोरला गेला. अशा माणसाशी भांडायचं तरी कुठून?

म्हणून मी तो सिनेमाचा घाट घातला. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. नंदुरबारच्या बाजाराच्या मैदानात तंबू लागला होता आणि त्यात म्हणे हिंदी विनोदी खेळ होता, शेतकऱ्यांवरचा, जमिनीच्या हावेवरचा. जिभाऊंना पुढे बसवलं, बायकोला मागे छकड्यात, आणि निघालो. दिवे लागायच्या वेळेला खेळ सुरू झाला. गोष्ट अशी की दोन शेजारी, दोघांच्या मध्ये हद्दीचा एक दगड. हा दगड तिकडे सरकवतो, तो इकडे सरकवतो. दोघे इतके हावरे होतात की गावातल्या सगळ्यांच्या जमिनी गिळतात आणि शेवटी त्या पेरायला गावात माणूसच उरत नाही. एका जागी तर अंधारात दोघेही डोक्यावर एकेक दगड घेऊन एकमेकांवर आदळतात.

आमच्या गावची पाचसहा माणसं तंबूत होती. त्यांच्यापैकी कुणी पडद्याकडे बघत नव्हतं. सगळे जिभाऊंकडे बघत होते. आणि जिभाऊ हसत होते. उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. हिंदी त्यांना निम्मी समजत होती, बांध पुरता समजत होता. दगडांची टक्कर झाली तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की मी लंगडतच बाहेर पडलो. पण मनात खूश होतो. म्हटलं, बाण लागला.

परतताना ते बराच वेळ गप्प होते. मी बैलांनाही हाकारलं नाही, पश्चात्तापात व्यत्यय नको म्हणून. नाला ओलांडल्यावर ते बोलले. "त्या सिनेमावाल्याले शेती ठाऊक नही, बापू." मी विचारलं, कसं काय? "दगड कसाले ठेवस? दगड तं कोनी बी उचलीसन लई जास. झाड लावाले पाहिजे. झाडले मुळं ऱ्हातस."

मागून बायको खोकली. तो खोकला नव्हता.

मृग लागला आणि जिभाऊंनी नाल्यावरून निवडुंगाचे तुकडे गाडीभर आणले. सुंभाची लांब दोरी घेऊन बांधावर आले, मला हाक मारली आणि म्हणाले, "हाई टोक धर जरा." मी धरलं. वडीलधाऱ्याने टोक दिलं की धरायचं, हे आमच्या हाडातच आहे. दोरी आमच्या वावरातून चाललीय, चांगली तीन हात आत, हे ध्यानात येईपर्यंत त्यांचे अर्धे तुकडे लावून झाले होते. मी तसं म्हणालोही. त्यांनी मान वर न करता विचारलं, "दोरी सरय शे ना?" म्हटलं, सरळ तर आहे. "मंग?" म्हणाले. मी दोरी आणखी ताणून धरली. बायकोला मी सांगितलं की जिभाऊंनी निवडुंग लावला. दोरी कुणी धरली होती, हे तिने विचारलं नाही आणि मीही आपण होऊन काढलं नाही.

आता विहिरीचं सांगतो, कारण खरा घोळ तिथेच झाला. विहीर आमच्या वावरात, पण आमच्या सामाईक पणजोबांनी खोदलेली, म्हणून दोन्ही घरांची. चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. पाणी मोटेने निघायचं. बैल विहिरीपासून उतारावरून खाली चालत जातात, त्यांच्या मागे नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ओढला जातो आणि चामड्याची मोट वर येते. त्या उताराला धाव म्हणतात. विहीर जितकी खोल, धाव तितकी लांब लागते. बैल शेवटपर्यंत उतरले तरच मोट काठावर येऊन थारोळ्यात, म्हणजे तिथल्या दगडी हौदात, रिकामी होते. आमच्या विहिरीची धाव थेट जुन्या बांधापर्यंत होती. तिचे शेवटचे तीन हात आता निवडुंगात गेले होते.

पावसाळ्यात कुणाला मोट आठवते? दिवाळीनंतरही पाणी वरच होतं, नाडा आखूड पुरत होता. निवडुंग मजेत कमरेएवढा झाला. माघात पाणी उतरलं. नाडा वाढवला, बैल हाकले, तर बैल काट्यांपाशी येऊन नाकं फेंदारून उभे आणि मोट काठाच्या हातभर खाली लोंबकळतेय. पाणी सगळं परत विहिरीत. रिकाम्या विहिरीचं काही वाटत नाही. पण भरलेली मोट डोळ्यांदेखत परत विहिरीत सांडतानाचा तो आवाज ऐकला की शांत माणसालाही शिव्या येतात. तिकडे बायको मिरचीत दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी ओळीओळीत वळवायला, उभी. कुदळ टेकवून तिने ओरडून विचारलं की पाणी कुठे आहे. मी म्हटलं, येतंय. ते मी दिवसभर म्हणत होतो.

मिरची ही आमची एकच पाण्यावरची पट्टी. बाकी सगळं पावसाच्या भरवशावर. घराचं वर्ष त्या पट्टीवर निघायचं, आणि ती नेमकी फुलावर आलेली. पाणी तुटलं की फूल गळतं. मी जिभाऊंकडे गेलो. त्यांनी चिलीम भरत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पानी खाले गयं, त्यामा मन्हा झाड काय करी?" मी म्हटलं, जिभाऊ, परवापासून तुमची पाळी. तुमची मिरचीही याच विहिरीवर आहे, आणि तुमच्या बैलांनाही पाय चारच आहेत. ते हसले. माझी काळजी करू नको म्हणाले.

त्यांची पाळी आली. सकाळपासून मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. घरी काम नव्हतं अशातला भाग नाही. आधी त्यांनी बैलांना शिव्या दिल्या. मग सालदाराला, नाडा चुकीचा बांधला म्हणून. मग मोटेला. चाकात तेल घातलं. मोट हातभर खालीच. दुपारी ते धाव पावलांनी मोजायला लागले, विहिरीपासून निवडुंगापर्यंत. तीनदा मोजली. तिसऱ्यांदा निवडुंगासमोर बराच वेळ उभे राहिले. सबंध आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच आपल्या वाट्याचं काही मोजून कमी भरलेलं पाहिलं असेल.

मग त्यांनी कुऱ्हाड मागवली. बैलजोडी जाईल एवढीच, बोटभरही जास्त नाही, फट पाडली. बैल फटीतून उतरले, मोट वर आली आणि थारोळ्यात पाणी कोसळलं. वाटलं, सिनेमाचे पैसे उशिराने का होईना वसूल झाले. चार दिवस त्यांची मिरची भिजली. चौथ्या दिवशी मोट सोडल्यावर त्यांनी बाभळीच्या काट्या ओढत आणल्या आणि ती फट बंद केली. "मन्ही पाळी सरनी," ते म्हणाले, आणि बैल घेऊन घरी गेले.

आमच्या पाळीला मी काट्या बाजूला केल्या. केल्या, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण असं धाडस मी फार वेळा केलेलं नाही. तासाभरात जिभाऊ भाकरी घेऊन आले आणि बरोबर फटीत बसले. चुलत्याच्या अंगावरून बैल घालणं माझ्याच्याने झालं नाही. चार दिवस ते बसले आणि चार दिवस मी उभा राहिलो. फुलं गळायला लागली. बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं. पाण्याचा तांब्या समोर ठेवायची तोही आवाज होईल असा.

पाचव्या दिवशी त्यांची पाळी, आणि जिभाऊ आले नाहीत. ताप होता. चार दिवस उन्हात फटीत बसलेलं त्यांना बाधलं होतं. दुपारी जिभाऊंच्या बायकोने, म्हणजे काकींनी, मला बोलावणं पाठवलं. जिभाऊ खाटेवर, छाती घरघरत होती. त्यांनी माझा हात धरला, जवळ ओढलं आणि म्हणाले, "बापू, काट्या काढी टाक."

माझे डोळे भरून आले. सगळी कटुता एका वाक्यात गेली. मी म्हणालो, असू द्या जिभाऊ, तुम्ही आधी बरे व्हा, काट्यांचं काय एवढं. त्यांनी दम घेतला. हात सोडला नव्हता. "आज मन्ही पाळी शे," ते म्हणाले. "मिरची सुकी ऱ्हायनी."

मी गेलो. काट्या काढल्या, त्यांचेच बैल जुंपले आणि दोन दिवस त्यांच्या मिरचीला पाणी दिलं. दारं धरायला माझी बायको आली. न बोलावता आली आणि न बोलता धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोट जुंपत असतानाच सालदार बांधावरून चालत आला. नेहमी तो लांबून हाक मारायचा. त्या दिवशी मारली नाही, तेव्हाच मी बैल सोडले.

तेराव्यानंतर काकी आपण होऊन वावरात आल्या. निवडुंगाकडे बघून त्यांनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "बापू, हाई सगळं काढी टाक. तू सांगशी तठे बांध." आजोबांच्या काळचा बांध कुठे होता, याला आता साक्षीला कुणीच नव्हतं, जिभाऊंना तेवढं ठाऊक होतं. काकींनी तर मोजायलाही कुणाला बोलावलं नाही. माझ्यावर टाकून त्या घरी गेल्या.

दोन दिवस मी निवडुंग उपटत होतो. मुळं खरंच खोल गेली होती. हातांत इतके काटे मोडले की भाकरीचा घास धरवत नव्हता. मधूनच रडू यायचं आणि ते काट्यांमुळे आहे असं मी सालदाराला सांगायचो. तिसऱ्या दिवशी नवा बांध घालायला घेतला. मन लावून काम केलं. आयुष्यात पहिल्यांदाच शेतीचं काम मला इतकं गोड लागत होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत अर्ध्याहून जास्त बांध तयार झाला.

बायको भाकरी घेऊन आली. टोपली खाली न ठेवता ती बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि एका रेषेत बघत राहिली. माझा बांध जिभाऊंच्या मिरचीची कडेची ओळ पोटात घेऊन चालला होता. मी घाईने म्हणालो की धावेच्या टोकाला बैलांना वळायला जागा नको का. तिने टोपली खाली ठेवली, माझ्या हातातली कुदळ पाहिली, आणि मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलली.

"माले वाटनं जिभाऊ गयात. ह्या तं आठेच कुदय मारी ऱ्हायनात."