बाबांना लागणारा दम

नागपूरला बायपास करून बाबांना बालाघाटला आणलं, तेव्हा महिन्याभरात छातीवरचे टाके भरून आले. सपाट रस्त्यावर ते माझ्यासोबत बसस्टँडपर्यंत चालायचे. पण उताणे झोपले की धडपडत उठून बसायचे. वाकून चपलेचा पट्टा लावतानाही त्यांना दम लागायचा.

इथल्या डॉक्टरांनी इको केला. हृदय नीट चालत होतं, रक्तही ठीक होतं. "ऑपरेशनचा धसका घेतलाय," ते म्हणाले. मला ते पटलं.

बाबा तहसील कचेरीत होते तेव्हापासून रोज वैनगंगेत पोहायचे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्यांना नदीवर नेलं. छातीभर पाण्यात जाताच त्यांनी माझा दंड घट्ट धरला. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. त्यांना काठावर आणलं आणि मी चिडूनच म्हणालो, "बाबा, तुमाले काई झालं नाई. मनातली भीती काढा."

"भीती नाई रे. श्वासच पुरत नाई."

त्यानंतर त्यांनी तक्रार करणं सोडलं. झोपायचे मात्र खुर्चीत.

पाच महिन्यांनी नागपूरला तपासणीसाठी गेलो. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आडवं झाल्यावर दम लागतो का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तसं काई नाई," ते म्हणाले. मग मीच सगळं सांगितलं, पाण्यातलंही. बाईंनी त्यांना एक्स-रेच्या यंत्रासमोर उभं केलं आणि नाकानं झटकन श्वास ओढायला लावला. पडद्यावर छातीच्या तळाची उजवी बाजू खाली सरकली. डावी उलट वर गेली.

छाती आणि पोट यांच्यामधला स्नायू श्वास ओढतो, त्याच्या डाव्या बाजूची नस हृदयाला खेटून जाते. ऑपरेशनमध्ये ती दुखावली होती, म्हणून आडवं झालं, वाकलं किंवा पाण्यात उतरलं की पोट वर दाबायचं आणि श्वास पुरायचा नाही. "कधी सुधारते, कधी नाही," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये, तुमसर गेल्यावर मी म्हणालो, "मी तुमाले काईबाई बोललो, बाबा."

"हौ," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुले तरी काय माईत."

नस सुधारली नाही. दीड वर्षानं पुन्हा पाहिलं, डावी बाजू तशीच. आता बाबा आपलं कोणतंच दुखणं मला सांगत नाहीत. परवा जेवताना आईच्या लक्षात आलं, ते एकाच बाजूनं चावत होते. दाढ किती दिवसांपासून दुखतेय, मी विचारलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि पोट भरलं म्हणाले.