देवरूखला व्याही येणार होते

संगमेश्वरला देवरूखची एसटी लागली, तेव्हापासूनच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. साखरपुडा मैत्रिणीचा, ज्योतीचा, आणि धडधड मला! स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. ज्योती बौद्ध घरातली, मुलगा गुहागरकडचा हिंदू, नारळी-पोफळीच्या बागा असलेला. दोघांचं केव्हाच जुळलं होतं, पण मुलाच्या वडिलांनी अजून ज्योतीच्या घराची पायरी चढलेली नव्हती. आज ते येणार होते. आत येतील की दारातूनच परततील, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

रस्ता वळणं घेत चढू लागला. सडा (कातळाचं उघडं पठार) दिसला, खाली भाताची खाचरं दिसली, पण माझं लक्ष कशात लागेना.

देवरूखच्या पुढे ज्योतीची वाडी. पोहोचताच तिच्या आत्याने गरम घावणे पुढ्यात ठेवले आणि दारात उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं काम माझ्याकडे दिलं. मी खूश! घावणा अर्धा टाकून उठले आणि तबकात हळदकुंकू, अक्षता, निरांजन मांडून मोकळी झाले. पुण्यात आमच्याकडे असंच करतात. आत्या तबकाकडे बघत राहिली, मग तिने ते हळूच माझ्या हातून काढून घेतलं.

"बाय, आमच्यात कुंकू लावत नाय. हात जोडायचे, जयभीम म्हणायचं, नि गूळपाणी द्यायचं. पाणी पिऊन होईस्तवर काय विचारायचं नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणी मी, न विचारताच निघाले होते!

आत वेगळंच चाललं होतं. व्याह्यांना तेवढं नमस्कार म्हणा, म्हणून ज्योती वडिलांच्या विनवण्या करत होती. वडील निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. पांढऱ्या सदऱ्याच्या गुंड्या लावत ते म्हणाले, "माझ्या दारात मी सगळ्यांना जयभीमच म्हणतो. त्यांनाच वेगळं म्हटलं, तर ते परके झाले की गं." ज्योतीचे डोळे भरून आले. दोघांचंही बरोबर होतं, त्याला मी काय करणार?

मुंबईहून आलेले काका-मामा मांडवात टेकले. मी उगाच रस्त्यापर्यंत जाऊन येत होते. आत्या म्हणाली, तुझ्या चपला झिजतील, व्याही काही लवकर येणार नाहीत.

शेवटी गाड्या आल्या. मुलाचे वडील पुढे होते. त्यांना सगळे तात्या म्हणत होते. गुरुजींनी हात जोडले. "जयभीम."

तात्यांनी हात जोडले, पण तोंडातून शब्द फुटला नाही. मी पेल्यांचा ट्रे पुढे केला, तर घाईत पाणी माझ्याच साडीवर सांडलं. तात्या पेल्यांकडे बघत राहिले. आता हे मागे फिरणार, असंच मला वाटलं.

"द्या ना पाणी," ते म्हणाले. "गुहागर सोडल्यापासून घसा कोरडा आहे."

सगळ्यांदेखत त्यांनी पेला रिकामा केला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि गुरुजींच्या शेजारी जाऊन बसले. ज्योती दाराआड रडत होती आणि हसतही होती. त्यानंतर कुठे मला वडे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाराची (वाटपाच्या दाट रश्श्याची) चव कळली.

संध्याकाळी गुरुजी मला स्टँडवर सोडायला आले. तात्या शेवटपर्यंत जयभीम म्हणाले नाहीत, हे मला डाचत होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

गुरुजींनी माझी पिशवी आपल्या हातात घेतली. मग म्हणाले, "गुहागरकडे माझ्या वडिलांना कुणी पेला देत नसे, ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आज माझ्या घरचा पेला व्याह्यांनी तोंडाला लावला. शब्दाला लागू दे वेळ."

पुण्यापर्यंत माझा डोळा लागला नाही. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण रागही तितकाच येत होता. एक तहानलेला माणूस पाणी प्यायला आणि आम्ही सगळ्यांनी डोळे पुसले. पाणीच तर होतं ते!