दोन्या चोनाचं बरं केलेलं मडकं

दोन्या चोना, म्हणजे चोनाबाई, ही आमच्या चोलुला गावातल्या गल्लीतली सर्वांत हट्टी बाई. मी तिची शेजारीण, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेली. हट्टी डोकी मी पुष्कळ पाहिलीत. चोना विधवा, पहाटे बाजारात मक्याची पेज विकायची. सून मारिक्रूस कारखान्यात जाते, म्हणून नातू नेरेओ दिवसभर आजीकडेच. पोर वर्षाचंही नाही, आणि रक्तात शिसं निघालं. खाण्यातून जातंय, थांबलं नाही तर बुद्धी खुंटेल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

चोनाने दुकानातलं बाळाचं डबाबंद खाणं उचलून कचऱ्यात टाकलं आणि झिलईच्या मडक्यात त्याच्यासाठी घेवड्याचं पाणी उकळायला ठेवलं.

"चोना, त्या मडक्याची चकाकीच शिशाची आहे."

"असेल. पण मी ते बरं केलंय, बाई."

आमच्याकडे नव्या मडक्याला लसूण चोळतात, चुन्याचं पाणी उकळतात. त्याला 'बरं करणं' म्हणतात, तापकऱ्याला करतात तसंच. या एका शब्दाने माझं डोकं पिकवलंय.

"त्याने मडकं पाझरायचं थांबतं, एवढंच. शिसं आहे तिथेच राहतं."

"तुम्ही कधी धड स्वयंपाक केलाय का?"

"करपवलाय. विष नाही घातलं कुणाला."

"माझ्या आईनं आम्हाला असल्याच मडक्यांत रांधून वाढवलं. मला काय झालं?"

"तेच तर आम्हाला कळत नाहीये, आई," मारिक्रूस दारातून म्हणाली. "उद्यापासून पोराला माझ्या माहेरी ठेवते."

त्यानंतर कुठे घरात स्टीलचं पातेलं आलं. पुढच्या तपासणीत शिसं उतरलं. चोना गल्लीभर सांगत सुटली, डबे फेकले म्हणून गुण आला. पोर वाचतंय ना, मग मिरव, मी मनात म्हटलं.

काल पाहते तर फळीवर मडकं नाही.

"भाचीला दिलं," चोना म्हणाली. "सातवा लागलाय तिला. इतकं छान बरं केलेलं मडकं नुसतं पडून कशाला ठेवायचं?"

मी कपाळाला हात लावला आणि माझ्या घरातलं एक पातेलं पिशवीत घातलं.

"चल."

"दिलेली वस्तू परत मागू? ती काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. चपला घाल."

चढावर माझे गुडघे बोलत होते आणि चोनाही. भाचीने दार उघडलं. चोनाने माझ्याकडे पाहिलं, मी काही तिच्या मदतीला गेले नाही.

"पोरी," ती शेवटी म्हणाली, "ते मडकं दे इकडे. ते काही बरं झालेलं नाही."