पऱ्हाटी कोणाची

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. हे मी अजूनही ताठ मानेने सांगते. बी.एस्सी. दारव्ह्याला केलं, काळ्यापिवळ्या जीपमध्ये मांडीवर दुसरीची मांडी घेऊन. त्यापुढची दोन वर्षं शहरात. त्या अभ्यासक्रमाचं नाव इतकं लांब होतं की आईने ते एकदाही पुरतं उच्चारलं नाही: नवीकरणीय ऊर्जा तंत्रज्ञान आणि उद्योजकता. सकाळी सौर पॅनल, बायोगॅस, गॅसिफायर शिकायचं आणि दुपारी बाजार, ग्राहक, धंद्याचा आराखडा. बाबा चावडीवर सांगायचे, "पोरगी उन्हाचा अभ्यास करून राह्यली."

याडीला हे ऐकून फार हसू यायचं. याडी म्हणजे आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरची, आईची मैत्रीण. तांड्यावरच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. ती माझी आई नव्हती, पण मला दुसरं काही म्हणायची सवयच नव्हती. मी जन्मले तेव्हा आईचं माहेर लांब, आजी नाही. पहिले चाळीस दिवस तिनेच मला तेल चोळलं. ही गोष्ट ती मला दरवर्षी ऐकवायची, आणि वर म्हणायची, "उन्हाचं शिकाले दोन वर्स लागते का व छोरी? मी तं जन्मभर उन्हातच हाये, मले कोणी डिग्री देली नाही."

"तू परीक्षा कुठी दिली, याडी?"

"दररोज देतो माय. तुह्या मायले विचार."

आई तोंडाला पदर लावून हसायची. आई मोठ्याने हसलेली मला फक्त याडीसोबत आठवते.

त्या दोघींचे खरे दिवस म्हणजे पऱ्हाटी उपटायचे. कापसाची शेवटची वेचणी झाली की वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, वावरात तशीच उभी राहतात. पुढची नांगरणी करायची तर ती मुळासकट काढावी लागतात. त्यासाठी चिमटा असतो, लोखंडी, लांब दांड्याचा. खोड त्याच्या दातात धरायचं आणि दांडा दाबून उपसायचं. दिवसभर केलं की कंबर आपली राहत नाही. आमच्याकडे या कामाची मजुरी ठरत नाही. जी उपटते ती पऱ्हाटी घेऊन जाते, तिच्या वर्षभराच्या चुलीसाठी. आमच्या सहा एकरांची पऱ्हाटी याडी उपटायची. मोळ्या बांधून तांड्यावर न्यायची, आणि तिच्या घरामागे छपराएवढी गंजी उभी राहायची. तिला कोणी बोलवायला जात नसे आणि ती विचारायला येत नसे. संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती वावरात दिसायची, बस.

आईला तिथे काही काम नव्हतं. तरी ती रोज भाकरी बांधून जायची, दुसरा चिमटा घ्यायची आणि याडीच्या शेजारची ओळ धरायची. बाबा म्हणायचे, "तुले काय पडलं, ते नेणार हाये नं?" आई भाकरीचं फडकं बांधत राहायची. आठ-दहा दिवस त्या दोघी ओळीने पुढे सरकत बोलत राहायच्या. काय बोलायच्या ते मला माहीत नाही. मी जवळ गेले की गप्प व्हायच्या.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एका उद्योगाचा आराखडा करायचा होता, आणि जमला तर प्रत्यक्ष उभाही करायचा होता. वर्गातली बहुतेक मुलं शहरातली. कोणी सौर ड्रायर घेतला, कोणी हॉटेलच्या खरकट्यावर बायोगॅस. मी उभी राहिले आणि म्हटलं, पऱ्हाटी. ती बारीक करायची, यंत्रात दाबून कांड्या करायच्या. त्याला पांढरा कोळसा म्हणतात, कारखान्यांच्या बॉयलरमध्ये दगडी कोळशाऐवजी चालतो. आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटीला काय तोटा?

दिवाळीच्या सुट्टीत मी गावात सर्वेक्षण केलं. फॉर्म मीच बनवला होता. "हंगामानंतर पऱ्हाटीचे काय करता?" या प्रश्नाखाली चार पर्याय: विकतो, जाळतो, स्वतः वापरतो, वापर नाही. ज्यांच्या नावावर शेत आहे अशा सगळ्यांना विचारलं. पहिला फॉर्म बाबांचा.

"काय करतो म्हणजे? देऊन टाकतो. मले कायले पाह्यजे ते झाडोरं?"

देऊन टाकतो हा पर्याय माझ्या फॉर्मवर नव्हता. मी "वापर नाही" वर खूण केली. पुढच्या सगळ्या घरांत तेच उत्तर आलं आणि मी तीच खूण करत गेले. बाबांच्या फॉर्मवर मी त्या चौकटीत पेन टेकवलं, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती आणि बाहेर ओट्यावर बसून याडी तिच्याशी बोलत होती. तिच्याकडे शेत नव्हतं. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

सादरीकरणाच्या दिवशी कच्च्या मालाच्या खर्चाच्या रकान्यात मी मोठं शून्य दाखवलं. परीक्षकांमधल्या एका सरांनी चष्मा वर केला. "या पऱ्हाटीवर आत्ता कोणी अवलंबून आहे का?"

"नाही सर. मी तिथलीच आहे."

सरांनी मान डोलावली. त्यावर काय बोलणार? शहरातल्या मुलीने हेच उत्तर दिलं असतं तर त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते. माझा पहिला नंबर आला. एका कारखानदाराने दारव्हा रस्त्यावर शेड टाकायचं ठरवलं, आणि आमच्या गावापासून सुरुवात करून पऱ्हाटी गोळा करायची जबाबदारी मला दिली. शिकता शिकता नोकरी. वर्गात एकेकाकडे मी मान ताठ करून पाहिलं.

मशीन आलं ते संक्रांतीच्या आधी. ट्रॅक्टरला जोडलेलं, झाडं मुळासकट ओढून तिथेच भुगा करणारं. शेतकऱ्याला फुकटात वावर साफ मिळायचं, लोक तर खूश. बोंडअळी राहू नये म्हणून पऱ्हाटी लवकर काढा असं कृषी खात्याची माणसंही सांगत होती, म्हणजे सगळंच जुळून आलं. आमच्या वावरात मशीन लागायच्या आदल्या दिवशी आईने विचारलं, "याडीले सांगतलं का?"

"सांगीन नं माय. मशीन होऊन जाऊ दे."

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मला खरंच वाटत होतं की मी याडीला आनंदाची बातमी देणार आहे. शेडमध्ये बायांची गरज लागणार होती, आणि पहिलं नाव मी तिचंच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचं वावर सफाचट झालं. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी याडी आली. गावात मशीन आल्याचं तिच्या कानावर असणारच, पण आमचंही वावर त्यात जाईल असं तिला वाटलं नसावं. मी आणि आई तुरीच्या कडेला होतो. तिच्या खांद्यावर चिमटा, हातात भाकरीचं फडकं. बांधावर येऊन ती थांबली आणि आधी हसलीच.

"काय व, वावर कुठी गेलं?"

मीच पुढे होऊन सगळं सांगितलं. मशीन, शेड, पांढरा कोळसा. बोलता बोलता मला माझाच आवाज सादरीकरणातल्यासारखा ऐकू येऊ लागला.

"पुरी नेली?"

"हो."

"धुऱ्यावरचीबी?"

"हो, याडी. गावातली सगळीच."

ती खाली वाकली, मातीतला थोडा भुगा चिमटीत घेतला, पाहिला, सोडून दिला. "मंग मले सांगतलं काहून नाही? मी भाकर बांधून आली."

"मी येणारच होती सांगाले. शेडमध्ये तुले काम देतो न. सावलीत. पोत्यात कोळसा भराचा फक्त."

"माह्यीच पऱ्हाटी मीच पोत्यात भरू?"

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. आई म्हणाली, "बस व, भाकर खाऊ." याडी म्हणाली, "भूक नाही मले," आणि आली तशी निघाली. इतक्या वर्षांत ती आमच्या वावरातून न खाता गेल्याचं मला आठवत नाही.

तिच्याकडे गॅस होता, पण तो चहापुरता. स्वयंपाक चुलीवर. तांड्यावरच्या आणखी बायांची तीच गत झाली होती. त्या जंगलाच्या कडेने काटक्या शोधत फिरू लागल्या. मला रात्रंदिवस ते बोचायला लागलं. मी कारखानदाराच्या मागे लागून दुसऱ्या गावची न चिरलेली पऱ्हाटी मिळवली, ट्रॉली भरली आणि याडीच्या दारात नेऊन उभी केली. वाटलं, झालं. चूक सुधारली.

ती दारात आली. "कायचं हाये हे?"

"तुही पऱ्हाटी, याडी."

"मी उपटली?"

"नाही, पण..."

"मंग माह्यी कशी?" तिने पदर खोचला. "तुह्या बापानं मले कधी पऱ्हाटी देली नाही, छोरी. मी उपटून नेली. घरी आली तं ताठ मानेनं चूल पेटवली. हे देणं हाये. देणं मले नको."

आजूबाजूच्या बाया जमल्या होत्या. तिने त्यांना हाक मारली, "न्या व बायांनो, न्या. फुकट वाटप आलं हाये, मॅडमनं आणलं. फोटो काढन तं हसजा." बाया हसल्या. ट्रॉलीवाल्याने ट्रॉली तिथेच रिकामी केली, आणि बघता बघता ढीग घराघरांत गेला. तिने एक काडी घेतली नाही.

मला राग आला होता, हे लपवत नाही. घरी येऊन म्हटलं, एवढा कसला ताठा? आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुले कमी हाये का?"

त्यानंतर आई दोनदा तांड्यावर जाऊन आली. याडीने चहा पाजला, नातवंडांचं सांगितलं, पावसाचं सांगितलं. वावराचा विषय काढला नाही. तिसऱ्यांदा आई गेली तेव्हा कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, ती पुसदला गेली, लेकीकडे. कधी येणार ते बोलली नाही. याआधी ती कुठेही चार दिवस जायची तरी आईला सांगून जायची.

पदवी मिळाली त्या समारंभाला आईबाबा दोघेही आले. बाबांनी पदवीच्या कागदाला हात लावण्याआधी रुमालाने हात पुसले. आईने माझा काळ्या पुठ्ठ्याचा प्रकल्प-अहवाल मांडीवर घेतला. तिला अक्षर जुळवत वाचता येतं. बरीच पानं उलटून तिने विचारलं, "ह्याच्यात याडीचं कुठी हाये?"

मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या हंगामाआधी मी कारखानदाराला सांगितलं की प्रत्येक वावरातला काही भाग उपटणाऱ्या बायांसाठी सोडायला हवा. तो माणूस वाईट नव्हता. त्याने कपाटातून माझाच आराखडा काढला आणि ते शून्याचं पान समोर ठेवलं. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलं ना?" मी ते काम सोडलं. निदान आमचं वावर तरी मशीनला द्यायचं नाही, म्हणून बाबांशी भांडले. ते कुरकुरले, पण आईकडे पाहून गप्प बसले. गावात मशीन फिरलं, आणि सगळीकडे मोकळी माती झाली तरी आमची सहा एकर पऱ्हाटी उभी राहिली.

आई म्हणाली, "तूच जा. तिले घेऊन ये."

मी पुसदला गेले. याडीच्या लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. याडी गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. आत गॅसवर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी पाया पडले. तिने डोक्यावर हात ठेवला, पूर्वीसारखाच.

"तुही माय कशी हाये?"

"वाट पाहून राह्यली तुही. चाल, याडी. आमचं वावर उभं हाये. एक झाड कोणाले उपटू देलं नाही."

तिचा चेहरा क्षणभर उजळला, मी नक्की पाहिलं. मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली.

"माह्यासाठी ठेवलं?"

"हो. तुह्याचसाठी."

"आंदी कोणी ठेवत नव्हतं व," ती म्हणाली. "ते राह्यत होतं. मी येत होती." तिने गुडघ्यावरून हात फिरवला. "आता तुम्ही ठेवलं, म्हणजे देलंच नं. तुह्या बापानं उद्या नाही ठेवलं तं मी काय विचाराले येऊ?"

मी पुष्कळ बोलले. आईचं सांगितलं, ती किती गप्प झाली आहे ते सांगितलं. याडीने सगळं ऐकलं, आणि मधूनच विचारलं, "तिची कंबर दुखते का अजून?" जेवल्याशिवाय मात्र तिने मला उठू दिलं नाही. निघताना जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मायले सांगजो, मी बरी हाये. रागबिग नाही मले." आणि खरंच नव्हता. राग असता तर मी तो घालवला असता, एवढी जिद्द माझ्यात आहे. पण जे मोडलं होतं त्याला माझ्याकडून लावण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले. आई ओट्यावर होती. माझ्यामागे कोणी नाही हे तिने लांबूनच पाहिलं असणार, तरी विचारलं, "येते का?"

"नाही."

"काय म्हणली?"

"रागबिग नाही म्हणली. तुही कंबर दुखते का, विचारलं."

आईने दोनदा मान हलवली. मला पाणी दिलं. मग आत गेली, सतरंजी टाकली आणि भर दुपारी भिंतीकडे तोंड करून निजली. काम बाहेर पडलेलं असताना मी तिला असं निजलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर बसून राहिले. बाबा वावरातून आले, त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या शेजारी बसले.